घराला कळू द्यायचं न्हाई

कोल्हापुरातल्या निम्म्याअधिक घरांत माझे मामेसासरे राहून आलेले होते आणि त्यांतलं एकही घर त्यांचं नव्हतं. यात थोडी अतिशयोक्ती आहे हे मला कबूल आहे, पण तुम्ही जर कधी त्यांच्याबरोबर मंगळवार पेठेतून चालत गेला असतात, तर तुम्हीही हेच म्हणाला असतात. चालता चालता ते बोट करायचे. "ह्या घरात सकाळी ऊन देवघरापतोर येतंय. त्या घरात जिन्याची तिसरी पायरी बोलती. आणि ह्या घराला, पावणं, शिंक आलेली अजिबात खपत न्हाई." आता घराला शिंक खपत नाही म्हणजे काय, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. एकदा विचारलं असतं तर संध्याकाळ तिथंच झाली असती.

मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मीही त्यांना मामाच म्हणायचो आणि ते मला शेवटपर्यंत 'पावणं' म्हणत राहिले. जावयाला दुसरं काही म्हणतात हे त्यांच्या गावी नव्हतं. मूळचे पेठ वडगावचे. सगळी नोकरी जकात नाक्यावर झाली. गावात शिरणारी बैलगाडी, ट्रक, डोक्यावरचं बोचकं, काही म्हणून थांबवायचं आणि कुठून आलं, काय आणलं ते विचारायचं, हा त्यांचा धंदा. निवृत्त झाले तरी जीभ नाक्यावरच राहिली. लग्न मात्र झालं नाही. 'ऱ्हायलं,' असं ते म्हणायचे, बसमध्ये छत्री राहिल्याचं सांगावं तितक्याच साधेपणानं. पिठाच्या गिरणीमागं त्यांची भाड्याची एक खोली होती. खोलीतल्या सगळ्या वस्तूंवर, आणि बराच वेळ बसले तर मामांवरही, पिठाचा एक हलका थर असायचा. बायको मला दर दोन-चार दिवसांनी डबा देऊन तिकडं पिटाळायची. दाराशी माझी सावली पडली रे पडली की आतून आवाज यायचा, "कोण? कुठनं आलासा? काय आणलंसा?" मी म्हणायचो, "मी. घरनं. भाकरी आणलीय." मग नाका उघडायचा आणि मला आत सोडण्यात यायचं.

पण ते या खोलीत सापडले तर. कारण मामांचं खरं आयुष्य चालायचं ते इतरांच्या घरी. त्या काळी माणसं गावाला जायची ती निवांत जायची. लेकीचं बाळंतपण म्हणा, मे महिन्याची सुट्टी म्हणा, भावकीतलं लग्न म्हणा, एकदा ट्रंक बांधली की महिना गेलाच. आणि पेठेतल्या कुणीही ट्रंक बांधायला घेतली की पहिल्यांदा मामांकडं निरोप जायचा. मामा तिथं राहायला जायचे. त्याबद्दल काही घेणं त्यांना अपमान वाटायचा. चहाची भुकटी घरात भरपूर ठेवा, एवढंच त्यांचं मागणं. दुसरा कुणी असता तर कपाटाला कुलूप आहे का, दागिने कुठं आहेत ते विचारलं असतं. मामा विचारायचे की तुमच्यात सकाळी पहिल्यांदा खोकतं कोण, दुपारी रेडिओ लागतो का, आणि घरातला कर्ता माणूस बाहेरून आला की पहिला शब्द काय बोलतो. लोक चक्रावून जायचे. काहींना आपण काय बोलतो तेच माहीत नसायचं, मग त्यांची बायको सांगायची.

यामागं मामांचं एक तत्त्वज्ञान होतं. ते त्यांनी मला एका दुपारी, अशाच कुणाच्या तरी सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून सांगितलं. गिरणीचा पट्टा लांबून ऐकू येत होता, अंगणातल्या पेरूवर एक खार वरखाली करत होती, आणि ते रिकामं घर आमच्या पाठीशी इतकं गप्प होतं, की मीही नकळत हळू बोलायला लागलो होतो. मामा म्हणाले, "पावणं, माणसं गेली की घर डुलकी काढतंय. काढू द्यायची. आपन फकस्त त्येला जागं होऊ द्यायचं न्हाई. जागं झालं, आणि आपल्या पोटात कोन न्हाई असं त्येला कळलं, की मग ते खचतंय. भित्तीला भेगा काय पावसानं पडत्यात व्हय? घराला कळू द्यायचं न्हाई." हे सगळं ते दबक्या आवाजात सांगत होते, भिंतीकडं पाठ करून. मी शिकलेला माणूस, मनात हसलो. पण त्या दिवशी घरी येऊन आमच्या माजघरातली भेग मी जरा वेळ बघत उभा राहिलो, हेही खरं.

तर घराला कळू द्यायचं नाही म्हणून मामा त्या त्या घरातली माणसं व्हायचे. पलीकडच्या गल्लीतले शिंपी चाचा भाच्याच्या लग्नाला बेळगावला गेले, तेव्हा मामा रोज दुपारी त्यांच्या मशिनवर बसून पाय मारायचे, कारण त्या घराला दुपारी मशिनच्या आवाजावर झोप लागायची सवय होती. नुसते पाय मारले असते तर ठीक. पण सुईत दोरा होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि चाचा परत आले तेव्हा मामांच्या धोतराचा सोगा उशीच्या अभ्र्याला नीट, दुहेरी टीप घालून शिवलेला होता. चाचांनी तो उसवला नाही. कापडाला कापड धरलंय, सफाई बरी आहे, असं म्हणून त्यांनी मामांना चहा पाजला आणि मग कात्री शोधली.

त्याहून कठीण प्रसंग गणिताच्या मास्तरांच्या घरी आला. मास्तर आणि त्यांच्या बाई रोज सकाळी आंघोळीच्या पाण्यावरून भांडायचे हे पेठेला ठाऊक होतं. दोघं सुट्टीला कोकणात गेली. तिसऱ्या दिवशी शेजारचे लोक मध्यस्थी करायला धावले, तर न्हाणीघराशी मामा एकटे उभे राहून दोन्ही बाजूंनी भांडत होते. एकदा जाड आवाजात, एकदा बारीक. पुढं मास्तर परत आल्यावर त्यांनी हसत हसत विचारलं, की मामा, एवढे दिवस तुमच्याच हातात होतं, तर भांडण मिटवून टाकायचं होतं. मामा गंभीर झाले. म्हणाले, ते माझं काम न्हवं. हाय तसं सांभाळून द्यायचं, एवढंच आपलं.

या सगळ्यातून पेठेत एक समजूत पसरली. मामांच्या हातात किल्ली दिलेला माणूस परत येतोच. कुणी कोर्टाच्या कामाला जाऊन आलं, कुणी सीमेवरून रजेला परतलं, कुणाची लेक अडून पडली होती ती बाळ घेऊन सुखरूप आली. माणसं परत येतात ती आपल्या पायानं, पण श्रेय मामांना मिळत गेलं. मामा वरवर नको नको म्हणायचे. पण किल्ली घेताना तळहात जरा जास्तच रुंद पसरायचे, आणि किल्ली पडली की मूठ मिटून म्हणायचे, "आता बिनघोर जावा."

आमच्या बोळाच्या टोकाला गुळाचे एक अडते राहायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. अण्णा आडवेतिडवे, भरभक्कम, आणि पायात खास सांगून बनवलेलं, करकर वाजणारं कापशी पायताण. दिवेलागणीला ते मार्केटातून परतले की बोळाच्या तोंडापासून ती करकर सुरू व्हायची. बोळातली पोरं पुस्तकं उघडायची, बायका भाकरीला तवा टाकायच्या. करकर अंगणात शिरायची, सोप्याच्या पायरीशी थांबायची. पायावर पाणी पडल्याचा आवाज. मग बंगईची, म्हणजे सोप्यावरच्या झोपाळ्याची, कडी कुरकुरायची आणि अण्णा आतल्या बाजूला बघून म्हणायचे, "च्या टाक गं." वहिनी कधीच उत्तर द्यायच्या नाहीत. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज हेच उत्तर. आम्ही त्या बोळात राहायला आल्यापासून या क्रमात एकदाही फरक पडलेला मी ऐकला नव्हता.

अण्णांच्या पोटात दुखायला लागलं आणि मिरजेला ऑपरेशन ठरलं. अण्णा एवढे धडधाकट, पण त्या दिवशी किल्ली द्यायला स्वतः मामांच्या खोलीवर गेले. मी तिथं होतो. अण्णा हसत होते, पण हसणं पोटातून येत नव्हतं. "मामा, तुमच्याकडं किल्ली दिली की मानूस परत येतंय म्हनं," असं ते म्हणाले. मामांनी तळहात पसरला. मागं वहिनी उभ्या होत्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनाच नीट कळलं होतं, आणि त्या अण्णांकडं बघत नव्हत्या, मामांच्या मुठीकडं बघत होत्या. मूठ मिटली. "येतंयच," मामा म्हणाले.

मामांनी त्या घरासाठी जेवढं केलं तेवढं कुठल्याच घरासाठी केलं नसेल. अण्णा मिरजेला जाताना साध्या चपला घालून गेले होते. पायताण सोप्याखाली होतं. मामांनी ते पायात चढवलं. मामांचा पाय म्हणजे काडी. पुढं चिंध्या कोंबून, अंगठा आवळून ते रोज दिवेलागणीला बोळाच्या तोंडाशी जायचे आणि तिथून करकर करत, पोट पुढं काढून, अण्णांच्या चालीनं घरी यायचे. पहिल्या दिवशी बोळ हसला. दुसऱ्या दिवशी पोरांनी पुस्तकं उघडली. पायावर पाणी घेऊन मामा बंगईवर बसायचे आणि रिकाम्या घराला सांगायचे, "च्या टाक गं." मग क्षणभर थांबून, घराला कळणार नाही अशा बेतानं, पाय न वाजवता आत जायचे आणि स्वतःच स्टोव्हला पंप मारायचे.

अशाच एका संध्याकाळी मी आणि बायको झुणका-भाकरी घेऊन मामांची वाट बघत सोप्यावर बसलो होतो. उजेड पिवळसर, मऊ झालेला. करकर आली, अंगणात शिरली. मामांनी पायरीशी पाय धुतले, मग ते वर येऊन बंगईवर टेकले. आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "च्या टाक गं."

अंगणाच्या फाटकात वहिनी उभ्या होत्या. मागं लेक आणि जावई. वहिनींचं कपाळ मोकळं होतं. माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. सगळं मिरजेतच, कृष्णेच्या घाटावर उरकून ते परतले होते. कळवायला कुणी सापडलं नव्हतं. टॅक्सी बोळाच्या तोंडाशी सोडली तेव्हाच म्हणे त्यांना पुढं ती करकर ऐकू आली होती, आणि लेकीनं आईला सावरायला हात पुढं केला तर आई भरभर चालायला लागली होती.

मामांची पाठ फाटकाकडं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. वहिनी अंगण ओलांडून आल्या, बंगईला वळसा घालून सरळ आत गेल्या. लेक मागून रडवेल्या आवाजात म्हणाली, की आई, आज घरात चूल पेटवायची नसते. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मामांनी आधी आतल्या दाराकडं बघितलं, मग आमच्याकडं, मग फाटकातल्या जावयाकडं. आणि बंगई थांबली. वहिनी कप घेऊन बाहेर आल्या, मामांच्या हातात दिला आणि खांबाला टेकून खाली बसल्या. मामांनी तो चहा संपवला. कसा संपवला ते त्यांनाच माहीत. मग त्यांनी पायताण फडक्यानं पुसून सोप्याखाली नीट ठेवलं, किल्ली वहिनींच्या शेजारी ठेवली आणि अनवाणी निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्यांच्या किल्ल्या परत केल्या. माझ्या हाताचा गुण गेला, म्हणाले. पेठेची मोठी पंचाईत झाली. एकानं मेहुणीचं लग्न बुडवलं, दुसऱ्यानं बायकोला एकटीलाच माहेरी पाठवून स्वतः घराची राखण केली आणि दूध उतू घालवलं. मामा खोलीत बसून राहायचे. पिठाचा थर वाढत गेला. मी डबा घेऊन दारात उभा राहायचो तर आतून आवाज येईना. कुठून आलो, काय आणलं, याची आता त्यांना चौकशी नव्हती. मी आपलाच आत शिरायचो, आणि तसं शिरताना मला फार वाईट वाटायचं.

दिवसपाणी उरकल्यावर वहिनींच्या लेकीनं आईला जयसिंगपूरला न्यायचं ठरवलं, कायमचंच. लेक वाईट नव्हती, जावईही भला माणूस. एकट्या बाईनं एवढ्या घरात कसं राहायचं, हा त्यांचा सरळ विचार. घराला गिऱ्हाईक बघायचं बोलणंही सुरू झालं होतं. वहिनी ना हो म्हणत होत्या, ना नाही. निघायच्या दिवशी मात्र त्या डोक्यावर पदर घेऊन गिरणीमागच्या खोलीवर आल्या. मी डबा सोडत होतो. त्यांनी किल्ली पुढं केली. मामांनी हात मागं घेतले.

"भावजी, पोरगी म्हनती तिकडंच ऱ्हा. मला परत यायचंय. किल्ली घ्या."

"वैनी, नका. अण्णा न्हाई आलं."

"आलं की," वहिनी म्हणाल्या. "म्या माझ्या कानानं ऐकलं."

मामांच्या ओठांवरचं पीठ ओलं झालं. मग त्यांनी तळहात पुढं केला, पूर्वीसारखा रुंद नव्हे.

आता वहिनींच्या आवाजांनी घराची झोप राखायची होती, आणि ते काम अण्णांच्यापेक्षा अवघड निघालं. वहिनी बोलायच्या कमी, त्यांचे आवाज बारीक. मामांनी बोळातल्या बायकांना विचारून विचारून ते गोळा केले. सकाळी म्हशीवाला दारात धार काढायला बसला की आधी त्याच्याशी पाण्यावरून एक वाद. न्याहारीनंतर कावळ्याला दोन शिव्या, त्याही सौम्य. आणि दुपारी, बोळ पेंगुळला असताना, खलबत्त्यात शेंगदाण्याचं कूट. रोज कूट. ते खायला कुणी नाही म्हणून आमच्या घरी यायचं, आणि त्या वर्षी आमच्या घरात कूट घातलेली नाही अशी भाजी मी खाल्ली नाही.

एका दुपारी जावई गिऱ्हाइकाला घेऊन आले. अंगण दाखवलं, सोपा दाखवला, घर रिकामंच आहे, कधीही ताबा घ्या, असं सांगितलं. तेवढ्यात आतून खलबत्त्याचा आवाज सुरू झाला, संथ, घरातली बाई वाजवते तसा. गिऱ्हाईक सभ्य होतं. नांदत्या घरावर बोली लावायची आपल्यात पद्धत नाही, असं म्हणून पायऱ्यांवरूनच परत फिरलं. जावई चिडून आत गेले तर मामा मिशीला कूट लावून बसलेले. "रिकामं कुठं हाय?" असं त्यांनी जावयालाच विचारलं. जावई काहीतरी बोलणार होते, पण मग खाली बसले, आणि थोडं कूट गुळाबरोबर खाऊन पाच वाजताच्या एसटीनं परत गेले. तिकडं जाऊन त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही.

दिवाळीच्या आधी वहिनी आल्या. एकट्या, हातात एक पिशवी. मी नेमका घरी होतो म्हणून बघितलं. बोळातून त्या हळूहळू चालत आल्या आणि फाटकाशी थांबल्या. आत खलबत्ता वाजत होता. थोडा वेळ त्या आपल्याच घराचा आवाज ऐकत उभ्या राहिल्या. मग आत जाऊन म्हणाल्या, "भावजी, लई बारीक करू नका. चटणीला जाडंच लागतंय." मामा उठले आणि खलबत्ता त्यांच्या हातात दिला. त्यानंतर वहिनी किती तरी वर्षं त्या घरात राहिल्या, आणि पेठेतल्या किल्ल्या पुन्हा मामांकडं वाहायला लागल्या.

मामा स्वतः मात्र कधी कुठं गेले नव्हते. म्हातारपणी छातीचं दुखणं झालं आणि वडगावचा पुतण्या त्यांना न्यायला आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या खोलीला कुलूप लावायचं होतं. आम्हाला वाटलं, किल्ली भाचीकडं येईल. त्यांनी ती वहिनींना दिली. माझ्या बायकोला जरा लागलं ते.

मामा वडगावातच वारले. आम्ही सगळं आटोपून परत आलो, वहिनींच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पदराला बांधलेली किल्ली चाचपून बघितली. पुढं तीन-चार दिवसांनी दिवेलागणीला बायकोनं माझ्या हातात चटणीचा डबा दिला, वहिनींना देऊन या म्हणाली. वहिनी घरी नव्हत्या. कुठं असतील याचा अंदाज घेत मी गिरणीमागं गेलो. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत कंदील लावलेला, त्या उजेडात पीठ हळूहळू खाली बसत होतं. दाराशी माझी सावली पडली.

"कोण?" आतून वहिनींचा आवाज आला. "कुठनं आलासा? काय आणलंसा?"

तिथं रडणं बरं नव्हतं. खोली झोपलेली होती.

"मी," मी म्हणालो. "घरनं. चटणी आणलीय."